क्वालिटीराइट्स टूलकिट: शुभार्थी मनोरुग्णालय तपासायला जातात तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेचं क्वालिटीराइट्स टूलकिट २०१२ साली प्रसिद्ध झालं. संघटनेच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. मनोरुग्णालय, जनरल हॉस्पिटलमधला मानसोपचार वॉर्ड, ओपीडी, डे केअर, निवासी पुनर्वसन केंद्र, यांपैकी कुठेही जाऊन तिथली सेवा कशी आहे आणि तिथे माणसांचे हक्क किती पाळले जातात हे तपासण्यासाठी ते तयार केलंय. रुग्णालय तपासायचे तक्ते आपल्याकडे कमी नाहीत. खाटा किती, अग्निशमन यंत्राची मुदत संपली का, रजिस्टरवर सही आहे का, हे बघणारी पथकं येत असतातच. या टूलकिटचं निराळेपण एका अटीत आहे: तपासणी पथकात स्वतः मानसिक आरोग्य सेवा घेतलेली माणसं हवीत आणि शेवटचे गुण सगळ्या पथकाने एकत्र बसून ठरवायला हवेत.

धोरण ठरवताना रुग्णांना सहभागी करून घ्यावं, हे आता बहुतेक सरकारी कागदांत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची, कुणाला कधी बोलवायचं, त्यांच्या हातात काय द्यायचं, हे सांगणारी साधनं फार थोडी आहेत. हे त्यांतलं सगळ्यांत वापरण्याजोगं, असं आमचं मत आहे. ते वापरताना काही ठिकाणी हमखास चुका होतात आणि काही ठिकाणी टूलकिटच अपुरं पडतं, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी शब्दांबद्दल. टूलकिटच्या इंग्रजीत 'सर्व्हिस यूजर' म्हटलंय. मराठी कागदपत्रांत त्याचं 'सेवाग्राही' होतं, पण बोलताना तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांच्या स्वमदत गटांत आजारातून वाट काढणाऱ्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. इथे तेच शब्द वापरतो. ते सगळ्यांनाच आवडतात असं नाही. भेटीत समोरच्याला सरळ विचारावं, 'तुम्हाला काय म्हणू?' आणि तो सांगेल तेच म्हणावं.

टूलकिटमध्ये पाच विषय आहेत. ते संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातून घेतले आहेत. भारताने हा करार २००७ सालीच मान्य केलाय, त्यामुळे ही मापं परकी आहेत असं म्हणायला जागा नाही. पहिला विषय राहणीमानाचा: इमारत, झोपायची जागा, स्वच्छतागृहं, जेवण, पाणी, कपडे, फोन, मोकळा वेळ. दुसरा उपचारांच्या दर्जाचा, त्यात औषधांबरोबर शरीराच्या इतर आजारांची काळजीही येते. तिसरा स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. चौथा मारहाण, शिवीगाळ, दुर्लक्ष, कोंडणं, बांधणं, संमतीविना शॉक यांपासून संरक्षणाचा. पाचवा समाजात राहण्याचा: घर, काम, शिक्षण, मतदान, सणवार. या पाचांखाली अनुक्रमे ७, ५, ४, ५ आणि ४ अशी एकूण २५ मानकं आहेत आणि प्रत्येक मानकाखाली तपासायचे निकष.

निकषाची माहिती तीन वाटांनी गोळा करायची. कागदपत्रं वाचायची, स्वतः फिरून बघायचं आणि माणसांशी बोलायचं. बोलायचं तेही तिघांशी: शुभार्थी, शुभंकर आणि कर्मचारी. मग प्रत्येक निकषापुढे शेरा: पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झाली, सुरुवातही नाही. पाचवा शेरा 'लागू नाही'. निकषांवरून मानकाचा शेरा, मानकांवरून विषयाचा.

कागदावर हे कोरडं वाटतं. त्यातली ताकद कळायला एकच उदाहरण पुरेसं आहे: पायजम्याची नाडी.

मानक १.४ विचारतं की जेवण, पाणी आणि कपडे माणसाच्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे मिळतात का. भांडार नोंदवही उघडली की कपड्यांचे नग पुरेसे दिसतात. धुलाईचं वेळापत्रक भिंतीवर असतं. कागदाच्या वाटेने गेलं तर शेरा 'पूर्ण साध्य'. पण गळफासाच्या भीतीने अनेक वॉर्डांत पायजमा आणि सलवारीच्या नाड्या काढून घेतलेल्या असतात आणि त्यांच्या जागी काहीच दिलेलं नसतं. मग माणसं दिवसभर एका हाताने पायजमा धरून चालतात. ताट घ्यायला एकच हात उरतो. औषधाच्या रांगेत पाण्याचा ग्लास आणि गोळी एकदम धरता येत नाही. बाहेरून आलेल्या डॉक्टरला किंवा वकिलाला हे लक्षात यायला वेळ लागतो. त्याला वाटतं, गोळ्यांच्या परिणामाने चाल अशी झालीय. वॉर्डात राहून आलेला सदस्य दारातूनच ओळखतो आणि विचारतो, 'इलॅस्टिक का नाही घातलं?' उपाय इलॅस्टिकचा आहे आणि तो स्वस्त आहे. प्रश्न सुचायला मात्र तो पायजमा घातलेला माणूस पथकात लागतो.

हाच मुद्दा कायद्यातही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २० प्रमाणे माणसाला इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, सक्तीने डोकं भादरता येत नाही, सक्तीने काम करवून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. स्त्रियांना सॅनिटरी नॅपकिन मिळाले पाहिजेत, हेही त्याच कलमात आहे. म्हणून टूलकिट छापताना प्रत्येक निकषाशेजारी एक रकाना वाढवून त्यात आपल्या कायद्याचं कलम लिहावं. जागतिक संघटनेचं मानक पाळलं नाही असं म्हटलं तर अधीक्षक ऐकून घेतात. कलम २० मोडलं असं म्हटलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं.

काही ठिकाणी आपला कायदा टूलकिटच्याही पुढे आहे. टूलकिट विचारतं की कोंडून ठेवण्याऐवजी आणि बांधण्याऐवजी तणाव निवळवण्याचे दुसरे मार्ग वापरतात का. आपल्या कलम ९७ ने एकांतात कोंडणं सरळ बंद केलंय. बांधण्याची मुभा फक्त तातडीची इजा टाळण्यापुरती, तीही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीला (माणसाने स्वतःच्या वतीने निर्णयांत मदत करायला नेमलेल्याला) २४ तासांत कळवायचं आणि महिन्याच्या अहवालात प्रत्येक प्रसंग पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे भरतीविरुद्धचे अर्ज ऐकणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचा. साखळदंड आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध न देता केलेला शॉक कलम ९५ प्रमाणे पूर्ण निषिद्ध. त्यामुळे विषय चारमध्ये 'अंशतः साध्य' हा शेरा जपून द्यावा. कोंडायची खोली आठवड्यातून एकदाच वापरतात, म्हणून ती अंशतः कायदेशीर ठरत नाही.

आता पथक कसं बांधायचं. टूलकिट म्हणतं की शुभार्थी, शुभंकर, आरोग्य कर्मचारी, वकील किंवा मानवी हक्क कार्यकर्ते असे सगळे असावेत. आकडा तुम्ही ठरवायचा. मध्यम आकाराच्या रुग्णालयासाठी आठजण पुरतात: तीन शुभार्थी, एक शुभंकर, दुसऱ्या संस्थेतले एक मानसोपचारतज्ज्ञ, एक परिचारिका, एक वकील, एक समाजकार्यकर्ता. शुभार्थी तीनच का? एकटा असेल तर त्याचं बोलणं 'त्याचा वैयक्तिक अनुभव' म्हणून बाजूला पडतं. दोघांपैकी एकाची तब्येत बिघडली की उरतो पुन्हा एकटाच. तिघांत किमान एक बाई हवी. किमान एकजण सरकारी रुग्णालयात राहिलेला हवा, खासगी दवाखान्यातून बरे झालेले तिघे नकोत. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या एकाच शुभार्थीला सगळीकडे फिरवायचं, ही चूक सगळ्यात जास्त दिसते. त्याची धडपड खरी असते, पण दीर्घकाळ भरती राहिलेल्या, शाळा सुटलेल्या, मराठीही तुटक बोलणाऱ्या माणसाचा वॉर्ड त्याने पाहिलेला नसतो.

शुभंकर हवेतच, पण शुभार्थीच्या जागी नकोत. दोघांचं हित अनेकदा एकसारखं असतं आणि काही वेळा अगदी उलट. डिस्चार्जच्या प्रश्नावर हे लगेच दिसतं.

तयारीला दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी निकष मोठ्याने वाचून त्यांचे प्रश्न मराठीत बांधायचे. हा टप्पा टाळला की तपासणी वाया जाते, कारण निकषांची भाषा जड आहे. 'आपल्या पसंतीचा आदर राखला जातो का?' असं विचारलं की समोरचा मान हलवून 'हो' म्हणतो. त्याऐवजी विचारावं: 'तुम्हाला जेवणात काय आवडतं? ते शेवटचं कधी मिळालं? कुणाला सांगितलं होतंत?' गोपनीयतेबद्दल विचारायचं असेल तर: 'डॉक्टर तुमच्याशी बोलतात तेव्हा आजूबाजूला कोण असतं?' संमतीसाठी: 'गोळी कशाची आहे, हे कुणी सांगितलं? नको म्हणालात तर काय होतं?' फोनसाठी: 'घरी फोन करायचा झाला तर कुणाकडे मागायचा? बोलताना कोण उभं असतं?' मारहाणीसाठी थेट 'तुम्हाला मारलं का?' विचारू नये. 'इथे कुणी चिडलं, आरडाओरडा केला, तर पुढे काय होतं?' एवढं विचारून गप्प बसावं. गप्प बसणं शिकवावं लागतं आणि ते वकिलांना सगळ्यात अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी सराव. एकाने सिस्टर व्हायचं, एकाने शुभार्थी. बोलताना स्वतःच्या आठवणी उसळून आल्या तर काय करायचं, हे आधी ठरवायचं: कोणत्या खुणेने थांबायचं, बाहेर कोण सोबत जाणार, दुपारनंतर काम सोडायचं असेल तर ते कारण न सांगता कसं सोडायचं. वॉर्डच्या फिनेलचा वास, लोखंडी दाराचा आवाज, एवढ्यानेही माणूस हादरू शकतो. यात कमीपणा नाही आणि त्या माणसाला यादीतून वगळायचं तर मुळीच कारण नाही.

भेटीसाठी मोठ्या रुग्णालयात तीन दिवस लागतात, त्यांतली एक फेरी रात्रीची हवी. दिवसा बारा कर्मचारी असलेला वॉर्ड रात्री एका सिस्टर आणि एका मावशींवर असतो. पंखे, डास, पांघरुणं, रात्री लघवीला उठल्यावर दार उघडं मिळतं का, हे सगळं तेव्हाच कळतं. परवानगी सार्वजनिक आरोग्य विभागाकडून लेखी घ्यावी आणि त्या पत्रात 'सर्व वॉर्ड, सर्व नोंदवह्या, रात्रीची वेळ, कर्मचाऱ्यांशिवाय मुलाखती' हे शब्द स्पष्ट असावेत. नाहीतर गेटवर अडतं ते याच चार गोष्टींवर.

मुलाखतीसाठी माणसं कोण निवडणार? इथेच तपासणी सगळ्यात जास्त बिघडते. सिस्टरना सांगितलं की त्या 'बोलणारे' पाचजण आणून बसवतात. त्यांच्या मनात खोट नसते, मदत म्हणूनच त्या ते करतात. पण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई त्या पाचांत कधीच नसते. साठ खाटांचा वॉर्ड असेल आणि सहा मुलाखती घ्यायच्या असतील तर नोंदवहीतून प्रत्येक दहावी खाट घ्यावी. पहिली कोणती, ते चिठ्ठी टाकून ठरवावं. ज्याला बोलायचं नाही त्याचं 'नाही' लिहावं आणि पुढच्या खाटेकडे जावं. वॉर्डात हिंदी, तेलुगू, कन्नड, बंगाली बोलणारी माणसं असतात. त्यांना 'असंबद्ध बोलतात' असा शेरा मिळालेला असतो तो कधीकधी नुसता भाषेमुळे. दुभाषा वॉर्डातला कर्मचारी नसावा.

आणि पहिला प्रश्न समोरून येणार आहे, तो ठरलेला: 'मला घरी कधी सोडणार?' पथकाकडे याचं खरं उत्तर तयार हवं. आम्ही तुम्हाला सोडवू शकत नाही, पण तुम्ही पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकता, त्याला पैसे लागत नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, अर्ज लिहायला आम्ही आत्ता मदत करतो. कोरे अर्ज सोबत न्यावेत. कलम ८९ खालच्या भरतीला (प्रतिनिधीच्या अर्जावरून झालेली, ३० दिवसांपर्यंतची) आव्हान दिलं तर मंडळाने ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो, कलम ९० खालच्या (त्यापुढच्या) भरतीसाठी २१ दिवस आहेत. ही माहिती वॉर्डच्या भिंतीवर मराठीत लावलीय का, हाही निकष तिसऱ्या विषयात मोडतो.

मुलाखत दिलेला माणूस रात्री तिथेच झोपणार आहे, हे विसरू नये. त्याचं नाव, खाट क्रमांक, ओळखू येईल असा प्रसंग अहवालात येऊ देऊ नये. एका वॉर्डात एकच मुलाखत घेऊ नका, कारण मग कोण बोललं ते सगळ्यांना कळतं. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन त्याच माणसांना भेटावं. ही दुसरी फेरी अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरून ठेवा.

भेटीनंतरची गुणांची बैठक हा या साधनाचा गाभा आहे. तिला पूर्ण दिवस द्यावा. प्रत्येक निकष मोठ्याने वाचायचा, तीन वाटांनी काय मिळालं ते सांगायचं, मग शेरा. मतभेद होतात ते चौथ्या विषयावर. तक्रार नोंदवहीत वर्षभरात एकही तक्रार नाही, म्हणून डॉक्टर 'पूर्ण साध्य' म्हणतात. शुभार्थी विचारतात: तक्रारपेटी कुठे आहे? किल्ली कुणाकडे? वॉर्डात पेन आणि कागद मिळतो का? तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्याच टेबलावरून ती पुढे जाते का? पेटी ऑफिसच्या व्हरांड्यात असेल आणि वॉर्डला कुलूप असेल तर शून्य तक्रारींचा अर्थ उलटाच होतो. अशा वेळी बहुमताने शेरा देऊ नये. पुरावा जिथे परस्परविरोधी आहे तिथे खालचा शेरा द्यावा आणि कारण दोन ओळींत लिहावं. अध्यक्ष डॉक्टर नसतील तर बरं. असतीलच तर प्रत्येक निकषावर पहिलं मत शुभार्थींचं घ्यावं, कारण डॉक्टर आधी बोलले की बाकीचे त्यांच्या मागे जातात.

या सगळ्याचा आपल्या देशात नीट मोजलेला प्रयोग झालाय तो गुजरातेत. तिथे अहमदाबाद, वडोदरा, जामनगर आणि भूज इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने गुजरात सरकारबरोबर सहा सरकारी सेवांमध्ये क्वालिटीराइट्स राबवलं आणि तुलनेसाठी तीन ठिकाणं तशीच ठेवली. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांच्या दृष्टिकोनात चांगला बदल दिसला, शुभंकरांवरचा भारही काहीसा हलका झाला. शुभार्थींना अधिक सबळ वाटू लागलं, समाधानही वाढलं, पण ही वाढ लहान होती. आम्हाला या निष्कर्षांत तो फरकच महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षणाने कर्मचारी बदलतो. शुभार्थीला बळ यायला त्याच्या हातात काही निर्णय यावा लागतो, आणि तो देणं टूलकिटच्या आवाक्यात नाही.

इथेच त्याची मोठी उणीव सुरू होते. टूलकिट संस्थेचा अहवाल लिहायला शिकवतं, अनेक संस्थांचा मिळून देशपातळीवरचा अहवालही लिहायला शिकवतं. तो अहवाल कुणी वाचायचा, किती दिवसांत उत्तर द्यायचं, शिफारस फेटाळली तर कारण कोण लिहिणार, याबद्दल ते बांधून काही देत नाही. २०१९ साली आलेल्या प्रशिक्षण पुस्तिकांमध्ये शुभार्थींनी एकमेकांना द्यायचा आधार, शुभार्थींच्या संघटना, पाठपुरावा यांवर चांगलं साहित्य आहे आणि मार्च २०२५ मध्ये संघटनेने धोरण कसं लिहावं याचं मार्गदर्शनही काढलं. दोन्ही उपयोगी आहेत. पण आपल्याकडचा धागा आपल्यालाच जोडावा लागेल आणि तो कायद्यात आहे.

कलम ४६ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, शुभंकरांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन असे सहाजण असतात. केंद्रीय प्राधिकरणावरही कलम ३४ प्रमाणे तशीच व्यवस्था आहे. तिघांच्या जागा वेगळ्या आहेत. जिल्ह्यांच्या पुनर्विलोकन मंडळांचं कलम ७४ मात्र वेगळं लिहिलंय. तिथे दोन जागा आहेत आणि त्या मानसिक आजार असलेल्या व्यक्ती किंवा शुभंकर किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी किंवा स्वयंसेवी संस्थांच्या व्यक्ती यांपैकी कुणालाही देता येतात. या 'किंवा'मुळे दोन्ही जागा संस्थाचालकांनी भरल्या तरी कायदा मोडत नाही, आणि भरतीविरुद्धचा अर्ज ऐकणाऱ्या मंडळात दाखल राहिलेलं कुणीच नसतं. नियुक्तीच्या जाहिरातीत किमान एक जागा शुभार्थीसाठी राखावी, अशी मागणी प्रत्येक जिल्ह्यात करता येण्यासारखी आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, मिळून ५,६९५ मंजूर खाटा. चौघांची तपासणी एकाच नमुन्यात झाली आणि चारही अहवाल प्राधिकरणाच्या विषयपत्रिकेवर एका विषयाखाली आले, तर एका संस्थेची तक्रार राज्याच्या धोरणाचा प्रश्न होते. नाड्या चारही ठिकाणी काढल्या जात असतील तर तो एका अधीक्षकाचा दोष राहत नाही. कापड खरेदीच्या निविदेतच इलॅस्टिक लिहावं लागतं.

प्राधिकरणाच्या बैठकीत शुभार्थी सदस्य गप्प का राहतात, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. विषयपत्रिका आदल्या रात्री इंग्रजीत येते, साठ पानांची. बैठक सकाळी साडेनऊला, आणि रात्रीच्या गोळ्यांची गुंगी अकरापर्यंत उतरत नाही. तोंडाला कोरड पडते आणि पाण्याची बाटली दूर असते. पाय स्थिर राहत नाहीत, उठून फिरावंसं वाटतं आणि ते बरं दिसणार नाही म्हणून माणूस खुर्चीला धरून बसतो. प्रवासभत्ता तीन महिन्यांनी मिळणार, तोही खात्यावर, आणि खातं भावाच्या ताब्यात. या प्रत्येकावर उपाय आहे: विषयपत्रिका सात दिवस आधी, दोन पानांचं मराठी टिपण सोबत, वेळ साडेअकरा, दर तासाला दहा मिनिटं सुट्टी, उठून फिरायला सगळ्यांनाच मोकळीक, प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी हातात. बैठकीआधी एक तास शुभार्थी सदस्यांनी आपसांत बसावं आणि कोणता विषय कोण मांडणार ते ठरवावं. मानधनामुळे संजय गांधी निराधार योजनेच्या पात्रतेला धक्का लागत नाही ना, हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावं. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढं लिहून चालणार नाही. कुणी काय सुचवलं आणि ते का मान्य किंवा अमान्य झालं, हे लिहिलं जावं, नाहीतर पुढच्या बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

टूलकिटच्या आणखी काही उणिवा थोडक्यात. 'अंशतः साध्य' हा शेरा फार रुंद आहे. त्यात दहा टक्केही मावतात आणि नव्वदही, म्हणून शेऱ्यासोबत एक ठोस वाक्य सक्तीचं करावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या महिन्यातून एकदा भरणाऱ्या ओपीडीला अर्धे निकष लागूच होत नाहीत. तिथला खरा प्रश्न गोळ्या संपण्याचा, आणि तो मानक २.४ मध्ये एका ओळीत आटोपतो. रस्त्यावर राहणाऱ्या, कुठल्याच सेवेपर्यंत न पोहोचलेल्या माणसाचा आवाज यात येत नाही, कारण साधन संस्थेच्या दारापासून सुरू होतं. विषय पाचमधलं मानक ५.३ सार्वजनिक जीवनातल्या सहभागाचं आहे. पथकं ते बहुतेक वेळा 'लागू नाही' म्हणून सोडून देतात. सोडू नये. मतदार यादीत नाव आहे का, ओळखपत्र कुणाकडे आहे, मतदानाच्या दिवशी नेण्याची सोय झाली होती का, स्वमदत गटाची माहिती डिस्चार्जच्या वेळी दिली का, हे चार प्रश्न कुठल्याही रुग्णालयात विचारता येतात.

घ्यावं का? शुभार्थी गट असाल तर नक्की, पण पंचवीसही मानकं पहिल्या खेपेला घेऊ नका. पहिला आणि चौथा विषय घ्या, एकच वॉर्ड घ्या. रुग्णालय प्रशासन असाल तर स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेऊन फाइलला लावू नका, त्याने काहीच कळत नाही. शासन असाल तर एकदाची मोहीम न करता दर दोन वर्षांनी त्याच निकषांवर परत जा, म्हणजे तुलना होईल.

अहवालाच्या नमुन्यात शेवटी चार रकाने वाढवून घ्या: काय बदलायचं, कोण बदलणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि बदललं हे कोण बघून आलं. चौथ्या रकान्यात पथकातल्या शुभार्थी सदस्याने स्वतः वॉर्डात जाऊन मग सही करायची. इलॅस्टिकच्या ओळीसमोर खरेदी आदेशाची प्रत जोडली तरी, ती सही होईपर्यंत ओळ उघडीच ठेवायची.